बिनप्रश्नाची टिपणी

येत्या सभेच्या विषयांची कच्ची यादी टेबलावर आली, तेव्हा ती चहा ढवळत होती. यादी वाचायची तिची एक पद्धत होती. बोट एकेका ओळीवरून खाली न्यायचं आणि मनातल्या मनात ठरवायचं, ही टिपणी अर्ध्या पानात उरकेल, हिला नकाशा जोडावा लागेल, ही गेल्या वर्षीचीच तारीख बदलून चालेल. सोळा ओळी बोट सरळ खाली गेलं. सतराव्या ओळीवर अडलं. टेकडीवरच्या जुन्या जलकुंभाभोवती होणाऱ्या बागेला पाणीपुरवठा खात्याच्या दिवंगत प्रमुखांचं नाव देण्याबाबत. पुढे नाव होतं, पण ते वाचायची तिला गरज नव्हती. सगळं शहर त्या माणसाला पाणीसाहेब म्हणायचं. गेल्या वर्षी गेला. अंत्ययात्रेला अर्धी नगरपालिका गेली होती आणि ती त्या दिवशी मुद्दाम कचेरीत थांबून कुत्र्यांच्या परवान्यांची टिपणी लिहीत बसली होती. आता चमचा कपातच राहिला. आधी वाईट वाटलं नाही, रागही आला नाही. आधी आला तो आनंद, आणि तोही असा की आजूबाजूला कोणी पाहत नाही ना, हे तिला बघावंसं वाटलं. एकतीस वर्षं ज्याला पाण्यात पाहिलं, तो माणूस आपल्या पायांनी चालत तिच्या टेबलावर आला होता. मेला होता म्हणून काय झालं. टिपणीत सगळे सारखेच असतात.

तिला कचेरीत धाकट्या बाई म्हणत. वय पन्नास, केस निम्मे पांढरे, तरी धाकट्या. सव्वीस वर्षांपूर्वी ती सभाशाखेत लागली तेव्हा तिथे आधीपासून एक बाई होत्या, म्हणून त्या मोठ्या आणि ही धाकटी. मोठ्या बाई निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, त्यांचं टेबल गेलं, खुर्ची गेली, हिचं नाव मात्र बदललं नाही. दोघींचं काम एकच. नगरपालिकेच्या सभेपुढे जो जो विषय यायचा, त्याची टिपणी लिहायची. पूर्वपीठिका, वस्तुस्थिती, पर्याय, शिफारस. सभासद फक्त शिफारस वाचतात, तीही हात वर करायच्या आधी अर्धा मिनिट. जोडपत्रं कोणी उघडत नाही. टिपणीखाली सही असते खात्याच्या प्रमुखाची किंवा सचिवांची. जिनं लिहिली तिचं नाव कुठेच नसतं, आणि तिलाही ते नको असतं. मोठ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं होतं की चांगली टिपणी ती, जिच्यावर सभेत प्रश्न येत नाही. प्रश्न आला की समजायचं, आपण कुठेतरी दार उघडं टाकलं. मोठ्या बाई हे स्वयंपाकाबद्दल बोलावं तसं बोलायच्या. ती ऐकायची आणि शिकायची. गेली चौदा वर्षं तिच्या एकाही टिपणीवर प्रश्न आला नव्हता, आणि याचा तिला, खोटं कशाला बोला, गर्व होता.

पण नोकरीला ती गर्वासाठी आली नव्हती. त्याच्या पाच वर्षं आधी, ती एकोणीस वर्षांची असताना, टेकडीवरच्या जलकुंभाची उत्तरेकडची भिंत भर दुपारी खाली आली. भिंतीच्या सावलीत एक सायकल दुरुस्तीवाला बसायचा, तो गेला. जलकुंभावर व्हॉल्व्हमन होते तिचे बाबा. सकाळी चाक फिरवून पाणी सोडायचं, दुपारी बंद करायचं, पातळी बघायची, वहीत लिहायची. सव्वा महिन्यानं सभेत टिपणी आली आणि तिच्या तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं. संबंधित कर्मचाऱ्याने कर्तव्यात कसूर केल्यामुळे सदर दुर्घटना घडली, असे दिसून येते. खाली सही पाणीसाहेबाची. त्या एका वाक्यानं बाबांची नोकरी गेली. आई लोकांचे कपडे शिवायला लागली आणि शिवता शिवताच गेली. हिचं लग्न ठरत आलं होतं, ते राहिलं ते राहिलंच. सायकलवाल्याची बायको पुढे वीस वर्षं बाबांना पाहिलं की रस्ता बदलायची, आणि बाबा तिला त्रास नको म्हणून स्वतःच आधी बदलायचे, त्यामुळे कित्येकदा दोघंही पलीकडच्या बाजूला समोरासमोर यायची. बाबा पहिले काही दिवस म्हणत होते, वहीत लिहिलंय, वही बघा. वही कोणी पाहिली नाही. मग त्यांनी म्हणणं सोडलं. ती मात्र मूग गिळून बसली नाही. परीक्षा दिली, आणि ज्या इमारतीत ते वाक्य लिहिलं गेलं त्याच इमारतीत येऊन बसली. करणार काय, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. पाणीसाहेब तिच्या समोरून जिना उतरायचा, कधी कधी मान हलवून हसायचासुद्धा, आणि ती उठून उभी राहायची, कारण सगळेच उभे राहायचे. उभी राहून ती त्याच्या मानेकडे बघायची. मानेवर एक मस होता. त्या मसाशी तिनं इतकी वर्षं वैर केलं होतं की तो मेल्यावर मस कुठे गेला असेल, असा वेडगळ विचार तिच्या मनात येऊन गेला होता.

संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं. बाबा ब्याऐंशीचे, खिडकीत खुर्ची टाकून बसलेले. खिडकीतून टेकडी दिसते, टेकडीवर जलकुंभ, दुरुस्त केलेल्या भिंतीचा रंग अजून बाकीच्या भिंतींशी जुळत नाही. घर बदलायचं तिनं कितीदा काढलं, बाबा हलले नाहीत. ते अजूनही सकाळी उठून नळ सोडतात, धार बघतात आणि पाणी किती वाजता सोडलं असेल ते सांगतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. बागेचं ऐकून ते टेकडीकडे बघू लागले. मग म्हणाले की बाग करतायत, पण त्या उंचीवर झाडांना पाणी चढवणार कसं, दाब पुरणार नाही. तिला असा राग आला की हातातली ताटली तिनं आपटलीच. तुमच्या कपाळी ज्यानं हे लिहिलं, त्याच्या नावाची पाटी तुम्ही रोज या खिडकीतून बघणार, आणि तुम्हाला दाबाची पडलीय? बाबा हसले. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसतो, फक्त खांदे हलतात.

"साहेबाला लिहायला कुठं येत होतं," ते म्हणाले. "रजेचा अर्जसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. चार ओळी म्हटल्या की घाम फुटायचा बिचाऱ्याला."

हा बिचारा शब्द तिच्या कानात गेला आणि तिथेच रुतून बसला. बाकीचं तिनं ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण रोज उठून दुसऱ्याच्या नावानं लिहिणाऱ्या बाईला त्या वाक्यातून जे कळायला हवं होतं, ते कळलं नाही. एकतीस वर्षं तिनं त्या वाक्याचा एकेक शब्द उलटून पाहिला होता, पण ते लिहिलं कोणी, हा प्रश्न तिला पडला नव्हता. सही होती ना. जगातल्या कोणत्याही माणसानं सहीवर विश्वास ठेवावा, पण तिनं? शंभर वेळा तिच्या डोळ्यांदेखत सचिवांनी न वाचता सही केली होती, आणि तरी पाणीसाहेबाची ती एक सही तिला खरी वाटत राहिली. रागाला कोणीतरी समोर लागतं, आणि मानेवरच्या मसासकट तो समोर होता.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या कागदांच्या खोलीत गेली. नाव देण्याच्या टिपणीत माणसाच्या सेवेचा आढावा लागतो, त्यामुळे जुनी फाइल मागायला तिला कारण सांगावं लागलं नाही; इतकी वर्षं सांगण्यासारखं कारणच तिच्याकडे नव्हतं. खोली तळमजल्यावर, भिंतींना ओल, वर एकच पंखा आणि तोही नुसता आवाज करणारा. शिपायानं गठ्ठा काढून दिला आणि धूळ झटकत सांगितलं की बाई, हा मी लागल्यापासून कोणी सोडलेला नाही. गाठ इतकी घट्ट की तिनं दातांनी सोडली. वर छापील टिपणी होती. ती तिला पाठ होती. तिच्याखाली एक वही होती, कोपरे पाण्यानं फुगलेली, आणि आत बाबांचं अक्षर. तिनं तारखा शोधल्या. भिंत पडायच्या आधीचे अकरा दिवस, रोज एक ओळ. उत्तरेच्या भिंतीला तडा. पाणी झिरपून खालच्या गटारात जाते. वर कळवले. दुसऱ्या दिवशी, तडा वाढला, पाणी गटारात, वर कळवले. अकरा वेळा वर कळवले. शेवटच्या दिवशीचं अक्षर मोठं होतं, जणू मोठं लिहिलं तर कोणी तरी वाचेल. ती तिथे स्टुलावर बसून रडली. रडणं ओळखीचं होतं, त्यातून ती लवकर उठली. आता पाणीसाहेब तिच्या मुठीत होता. वही असून त्यानं दडवली. हे ती लिहिणार होती, सरळ, नगरपालिकेच्याच भाषेत, त्याच्या नावाच्या बागेच्या टिपणीत.

वहीखाली टिपणीचा कच्चा खर्डा होता. तो हिरव्या शाईत होता आणि तो पाहून तिला वाटलं, हा आपण कधी लिहिला? अक्षर तिचंच होतं. गोल, ओळीवर नीट बसलेलं, आणि परिच्छेद पक्का झाला की समासात काढलेला छोटा टिंब. तिनं तारीख पाहिली. त्या तारखेला ती एकोणीस वर्षांची होती आणि या इमारतीत तिनं पायसुद्धा ठेवला नव्हता. मग तिच्या लक्षात आलं, ते हळूहळू आलं. तिचं अक्षर मूळचं असं नव्हतंच. नोकरीला लागली तेव्हा ती तिरकं लिहायची. हे अक्षर तिनं समोरच्या टेबलावरून उचललं होतं, टिंबासकट.

तिसऱ्या परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलीनं, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: व्हॉल्व्हमनची वही जोडावी काय? त्याखाली हिरव्या शाईत उत्तर होतं: आवश्यकता नाही. सभेत प्रश्न येतील. आणि त्याखाली पुन्हा पेन्सिल: बरे. ते बरे इतकं गरीब होतं की तिला त्या मसाची दया आली, आणि दया आल्याचा संताप आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा तिनं सव्वीस वर्षं घातला होता. आणि कळसा तरी कोणता. पहिल्या दिवशी तिला खुर्ची ओढून देणारा. तापात असताना तिच्या वाट्याच्या टिपण्या लिहून टाकणारा. आई गेली तेव्हा तेरा दिवस रोज डबा घेऊन येणारा आणि बाबा ज्या खोलीत असतील त्या खोलीत कधीही न येणारा. ते तेव्हा तिला मोठ्या बाईंचं सौजन्य वाटलं होतं. आता ती एकेक आठवण काढायची आणि तिची दुसरी बाजू बघायची. पावसात दिलेली छत्री. बढतीसाठी टाकलेला शब्द. अगं, तू माझ्यापेक्षा चांगलं लिहितेस, हे तीन माणसांसमोर म्हटलेलं. ज्या गोष्टींवर तिचं आयुष्य उभं होतं त्यांतली एकही आता धड उभी राहीना. केसानं गळा कापला, असं लोक सहज म्हणतात. कापलेल्याला सव्वीस वर्षांनी कळतं, असं कोणी म्हणत नाही.

टिपणी लिहायला तिला चार दिवस लागले, एरवी अर्धा दिवस पुरतो. सूड घ्यायचा तर राग वर दिसता कामा नये, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. दुखेल असा शब्द तिनं एकही ठेवला नाही. दडवली लिहिलं होतं, ते खोडून जोडण्यात आली नाही केलं. जोडपत्रात घातलं तर कोणी उघडणार नाही, म्हणून सगळं शिफारशीच्या परिच्छेदात आणलं. आणि मग तिनं ती गोष्ट केली जी सभाशाखेत आजवर कोणी केली नव्हती. तिनं दार उघडं टाकलं. सभेत एक ज्येष्ठ सभासद होते, त्यांना सगळे गटारकाका म्हणत. विषय शाळेचा असो की स्मशानाचा, त्यात गटाराचा शब्द दिसला की ते उठलेच. चौदा वर्षं ती त्यांच्यासाठी गटाराला जलनिस्सारण मार्गिका म्हणत आली होती, म्हणजे ते झोपून राहतील. या वेळी तिनं साधं, सरळ लिहिलं. संबंधित कर्मचाऱ्याने नोंदवलेल्या तड्यातून पाणी अकरा दिवस गटारात वाहत होते. ही नोंदवही तत्कालीन टिपणीस जोडू नये, असा अभिप्राय टिपणी लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याने दिला व खातेप्रमुखांनी तो मान्य केला. हे विचारात घेऊन नावाबाबत सभेने निर्णय घ्यावा. गटार तिसऱ्याच ओळीत होतं. तिनं ते वाचलं आणि समासात टिंब काढला. मग तो टिंब खोडला.

रविवारी ती मोठ्या बाईंकडे गेली. दर रविवारी जायची. मोठ्या बाईंची नजर गेली होती, हृदयही दमत चाललं होतं, आणि भाचीच्या घरी मागच्या खोलीत एका पलंगावर त्यांचा संसार आटपला होता. तिथे बसून धाकटीनं आठवड्याच्या टिपण्या मोठ्यानं वाचायच्या आणि मोठ्या बाईंनी डोळे मिटून कुठे सैल आहे ते सांगायचं, असा नेम होता. सभेच्या दिवशी भाची फोनवर सभा लावून द्यायची आणि मोठ्या बाई ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या. प्रश्न आला नाही की संध्याकाळी हिला फोन करायच्या. तिनं आधी दोन किरकोळ टिपण्या वाचल्या. मोठ्या बाईंनी एक विशेषण काढायला लावलं. मग तिनं तिसरी काढली. पूर्वपीठिकेत जुन्या टिपणीतला उतारा होता. संबंधित कर्मचाऱ्याने कर्तव्यात, इथवर तिनं वाचलं आणि श्वास घ्यायला थांबली. खोलीत दुसरा आवाज आला. कसूर केल्यामुळे सदर दुर्घटना घडली, असे दिसून येते. मोठ्या बाईंनी वाक्य पुरं केलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे न होता, आणि त्यांचे मिटलेले डोळे तसेच मिटलेले होते.

बाहेर भाची कपडे वाळत घालत होती, दांडीचा आवाज येत होता. धाकटीला वाटलं होतं की ती ओरडेल, खर्डा त्यांच्या अंगावर टाकेल. तसं काहीच झालं नाही. तिनं पुढचं वाचलं, शिफारशीसकट, सभेत वाचतात त्या आवाजात. संपल्यावर मोठ्या बाईंनी विचारलं की हिरव्या शाईचा कागद अजून टिकलाय का. तिनं हो म्हटलं. त्या म्हणाल्या की गठ्ठ्याची गाठ मी स्वतः बांधली होती, फाडून टाकायला मात्र हात धजला नाही, कागद फाडायची आपल्यात पद्धत नाही.

"तुम्हाला माहीत होतं मी कोणाची मुलगी आहे ते?"

"अर्जावर आडनाव वाचलं होतं. तू दारातून आत यायच्या आधीपासून माहीत होतं."

मग त्या सांगत राहिल्या, सावकाश, धाप लागेल तिथे थांबत. त्यांना वाटलं होतं की व्हॉल्व्हमनला फार तर ताकीद मिळेल. वही जोडली असती तर सभा चार दिवस चालली असती, वर्तमानपत्रं, चौकशी, सगळं खातं झोडपलं गेलं असतं. त्यांनी त्या माणसाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी तो एक हुद्दा होता आणि वाक्यात हुद्दा नीट बसला होता. हे सगळं खरं होतं, हे धाकटीला कळत होतं. तीही गेली कित्येक वर्षं वाक्यांत हुद्दे बसवत आली होती, आणि त्यांतल्या कोणाच्या घरी कोणी कपडे शिवायला घेतले, हे तिनं कधी जाऊन पाहिलं नव्हतं. कळत असूनही तिचा राग तसूभर ओसरला नाही. उलट तो कढ आता सराईत झाला होता, त्याला घाई नव्हती.

"मग मला शिकवलंत ते कशासाठी?"

मोठ्या बाईंनी तोंड तिच्याकडे वळवलं, पण थोडं चुकीच्या दिशेनं, खिडकीच्या बाजूला. "पहिली दोन वर्षं भीतीनं. तू सारखी काहीतरी शोधत असायचीस. वाटायचं, कामात बुडवलं तर शोधणार नाहीस. पुढे तू चांगलं लिहायला लागलीस. मग मी विसरले, धाकटे. खरंच विसरले. माणूस विसरतो गं."

"वाक्य तर पाठ आहे तुम्हाला."

मोठ्या बाईंनी पांघरूण चाचपलं. पांघरुणाची कड दोन बोटांत धरून तिच्यावरचा दोरा ओढत राहिल्या. मग अगदी कामाच्या आवाजात त्यांनी विचारलं की टिपणीत नाव घातलंय का. नाही, धाकटी म्हणाली, आपल्यात नाव घालत नाहीत. मोठ्या बाईंनी मान हलवली. त्यांना बरं वाटलेलं दिसलं, आणि ते बरं वाटणं तिच्या डोळ्यांत खुपलं. पण सैल कुठे आहे ते शोधायची पन्नास वर्षांची सवय एका दुपारी जात नाही. गटार तिसऱ्या ओळीत का, हे त्यांना कळल्याचं त्यांच्या कपाळावर उमटलं. प्रश्न येणार. प्रश्न आला की नाव विचारणार.

"थोडं थांबलीस तर?" त्या म्हणाल्या. "बाग काय पळून जात नाही. माझे किती दिवस राहिलेत."

"बाबांचेही तेवढेच राहिलेत, बाई."

उठताना नेहमीच्या सवयीनं तिनं त्यांच्या औषधाच्या गोळ्या काढून वाटीत ठेवल्या आणि पाण्याचा पेला हाताला लागेल असा सरकवला. हे करताना तिला स्वतःचीच चीड आली. हात शिकवलेलं करत होते.

सोमवारी सचिवांनी सही केली. सचिव तरुण होते, नीटनेटके, टेबलावर मुलीचा फोटो. ती उभी राहिली, त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि नेहमीप्रमाणे हसून म्हणाले की बाई, तुम्ही लिहिलंय ना, मग मी काय वाचायचं. सही करायला त्यांना दोन सेकंदही लागले नाहीत. उद्या त्यांना जाब द्यावा लागणार होता, आणि ती सांगू शकत होती, सर, एकदा वाचा. तोंडापर्यंत आलं होतं. मग तिला ते पेन्सिलीतलं बरे आठवलं. दुसऱ्याच्या शब्दावर बरे म्हणणाऱ्यांना या इमारतीत आजवर कधी काही झालं नव्हतं. तिनं कागद उचलला आणि दार ओढून घेतलं.

सभेत कर्मचाऱ्यांनी भिंतीकडेच्या बाकावर बसायचं असतं, बोलायचं नसतं. सव्वीस वर्षांत त्या बाकावरून कोणाचा आवाज सभेत गेला नव्हता. सोळा विषय मंजूर, मंजूर म्हणत गेले. सतरावा पुकारला आणि अध्यक्षांनी मंजूरसाठी तोंड उघडलं तोच गटारकाका उभे राहिले. चष्मा कपाळावर, कागद नाकाशी. अकरा दिवस पाणी गटारात चाललं होतं आणि सभेला कोणी सांगितलं नाही, हे कसं काय? सभागृहात हशा पिकला. पण म्हाताऱ्यानं या वेळी गटारावर थांबायचं मनावर घेतलं नव्हतं. पुढची ओळ त्यानं मोठ्यानं वाचली, मग त्याच्या पुढची, आणि वाचता वाचता हशा आपोआप बंद झाला. त्यानं चष्मा खाली घेतला. इथे दोन कर्मचारी आहेत, तो म्हणाला, एकानं लिहून ठेवलं आणि एकानं ते सभेपासून लपवलं, तर हे दोघं कोण? अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी कागद उलटा केला, सुलटा केला, त्यांचे कान लाल झाले होते, आणि मग त्यांनी वळून बाकाकडे पाहिलं.

ती उठली. कोणीतरी ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला. तो थंड होता आणि तिला वाटलं होतं त्याहून जड. आधी तिनं बाबांचं नाव सांगितलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव, आणि हुद्दा, व्हॉल्व्हमन, टेकडीवरचा जलकुंभ. ते नाव त्या सभागृहात पूर्वी कधीच उच्चारलं गेलं नव्हतं, त्यांची नोकरी घालवली तेव्हाही नाही. माझे वडील, ती म्हणाली, हयात आहेत. प्रेक्षकांच्या सज्जात कोणीतरी हललं. तिनं तिकडे पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर एक मागची खोली होती, पलंग, उशीशेजारी फोन, आणि फोनकडे, पण थोडं चुकीच्या दिशेनं वळवलेलं तोंड. एक क्षण असा आला की तिला वाटलं, इथेच थांबावं. थांबता आलं असतं. दुसऱ्याचं नाव नोंदीत आढळत नाही, एवढं म्हटलं असतं तर सभा पुढे गेली असती, आणि असं म्हणायला तिला शिकवलेलंही होतं. आणि दुसरा कोण, अध्यक्षांनी विचारलं.

तिनं ध्वनिक्षेपक तोंडाजवळ धरला, म्हणजे लांबवर नीट ऐकू जाईल, आणि मोठ्या बाईंचं नाव घेतलं. सावकाश घेतलं, आडनावासकट, हुद्द्यासकट, एकही अक्षर न गाळता. मग हयात आहेत, असंही सांगितलं. सभागृह ऐकत राहिलं. अध्यक्षांनी आणखी कोणाला काही विचारायचंय का म्हणून दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि त्यावर कोणीही प्रश्न विचारला नाही.